आवाज मोजायचा तो सोफ्यावर बसून

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न होम थिएटरच्या आवाजाचे आहेत, त्यातही कुठला सेट घ्यावा याचे कमी आणि घेतलेला नीट कसा लावावा याचेच जास्त, याचा मला खरंच आनंद झाला. पैसे खर्च करून झाल्यावर जो तासभर लेव्हल लावण्यात जायला हवा तो बहुतेक घरांत जातच नाही, बसवायला आलेला माणूस वायरी जोडतो, एखादं दणदणीत गाणं लावून दाखवतो आणि निघतो, मग पुढची कित्येक वर्षं घरातले सगळे रिमोटनं आवाज वरखाली करत बसतात. म्हणून आजची सगळी जागा याच विषयाला दिलीय.

प्रश्न (पुणे): आमचा हॉल साधारण १२ बाय १६ चा आहे, वेगळा रिसीव्हर (सगळे स्पीकर चालवणारा डबा) आणि ५.१ स्पीकर (समोर तीन, दोन सराउंड आणि बेससाठी एक सबवूफर) आहेत. सोफा मागच्या भिंतीला टेकून आहे. पिक्चर बघताना डावीकडचा सराउंड सतत कानात वाजतो, उजवीकडचा चालू आहे की नाही तेच कळत नाही, आणि डायलॉग एवढे बारीक की विचारू नका. मोबाइलच्या अ‍ॅपवर टेस्ट टोन मोजला तर समोरचा डावा ७४, सेंटर ७१.५, समोरचा उजवा ७६, डावा सराउंड ७९, उजवा सराउंड ७२ असं आलं. सबवूफरचा आकडा एका जागी थांबतच नाही. यात बरोबर काय आणि बदलू काय?

उत्तर: आकडे लिहून पाठवलेत हे फार चांगलं केलंत, त्यामुळे नेमकं सांगता येतंय.

आधी हे करायचं कशाला ते सांगतो. पिक्चरचं मिक्सिंग जिथे होतं तिथे प्रत्येक चॅनल ठरलेल्या पातळीला लावलेला असतो, थिएटरसाठीच्या मिक्सिंगला समोरच्या चॅनलची ही पातळी ८५ डीबी (डेसिबल). मिक्स करणारा माणूस त्या खुर्चीत बसून ठरवतो की पाऊस मागून एवढाच यायला हवा, पावलं उजवीकडून एवढीच, आणि बोलणं या सगळ्यातून स्वच्छ कळायला हवं. तुमच्या सोफ्यावर एखादा स्पीकर चार डीबी जास्त वाजला की ते सगळं गणित मोडतं, पाऊस बोलण्यावर चढतो. घरच्या रिसीव्हरचा टेस्ट टोन त्याच हिशोबानं पण १० डीबी हळू ठेवलेला असतो, म्हणून घरी प्रत्येक स्पीकर सोफ्यावर ७५ डीबी दाखवेल असा लावायचा. हा टोन म्हणजे पिंक नॉइज, लांबून धबधबा ऐकू यावा तसा सलग आवाज, त्यात वरखाली काही नसतं त्यामुळे मीटर शांत राहतो आणि आकडा वाचता येतो.

तुमच्याकडे सगळ्यात वरचा ७९ आणि सगळ्यात खालचा ७१.५, म्हणजे साडेसात डीबीचं अंतर. १० डीबी वाढले की आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो, तेव्हा हा फरक किरकोळ नाही, तुमचे कान अगदी बरोबर सांगतायत. आणि गंमत बघा, सगळ्यात मोठा आहे तो सराउंड आणि सगळ्यात बारीक आहे तो सेंटर, ज्यातून जवळजवळ सगळं बोलणं येतं. डायलॉग ऐकू येत नाहीत ही तक्रार तिथेच निम्मी सुटली.

फरक का पडतो? मुख्य कारण अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबीनं उतरतो, बंद हॉलमध्ये भिंती, टाइल्स आणि छत थोडा परत देतात म्हणून त्याहून कमी उतरतो पण उतरतो. तुमचा डावा सराउंड कानाच्या अगदी जवळ असणार. दुसरं कारण सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॉट दिला की १ मीटरवर स्पीकर किती डीबी देतो ते, एकाचा ८६ आणि दुसऱ्याचा ९० असेल तर सारख्याच व्हॉल्यूमला चार डीबीचा फरक आयताच आला. हे सगळं रिसीव्हरच्या लेव्हल मेनूमध्ये भरून काढायचं, त्यासाठीच तो मेनू आहे.

तुमच्यासाठी हिशोब असा: समोरचा डावा +१, सेंटर +३.५, समोरचा उजवा −१, डावा सराउंड −४, उजवा सराउंड +३. एवढं करून पुन्हा एक फेरी मोजा, कारण मेनूतला एक डीबी सोफ्यावर एक डीबीच होतो का ते डोळ्यांनी बघितलेलं बरं. अर्ध्या डीबीच्या आत सगळे आले की थांबा, त्याहून बारीक फरकाच्या मागे लागण्यात अर्थ नाही, मान जरा हलवली तरी तेवढा फरक पडतो.

मोजताना मात्र काळजी घ्या, बहुतेकांचं तिथेच चुकतं. पंखा, एसी, किचनची चिमणी सगळं बंद करा, टोन आणि खोलीतला गोंगाट यांत निदान १५-२० डीबीचं अंतर हवं. मीटर किंवा मोबाइल हातात धरू नका आणि सोफ्याच्या पाठीवर तर मुळीच ठेवू नका, गादीवरून परतलेला आवाज आकडा फिरवतो. फोटोचा ट्रायपॉड आणा, जिथे तुमचं डोकं असतं बरोबर तिथे, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून फूटभर पुढे माइक येईल असा लावा, माइकचं तोंड छताकडे, आणि स्वतः बाजूला सरका कारण आपलं शरीरही आवाज अडवतं. मीटरवर C वेटिंग (वेटिंग म्हणजे कुठल्या पट्टीतला आवाज मीटरनं किती धरायचा ते) आणि स्लो (आकडा सावकाश बदलतो) हे दोन सेटिंग. बऱ्याच रिसीव्हरमध्ये टेस्ट टोन ठरलेल्या पातळीलाच वाजतो, तुमच्यात तो व्हॉल्यूमबरोबर हलत असेल तर मास्टर व्हॉल्यूम ० वर ठेवा (हे शून्य म्हणजे शांतता नव्हे, खाली सांगितलंय), आणि एका स्पीकरवरून दुसऱ्यावर जाताना तो अजिबात हलवू नका.

मोबाइलचं अ‍ॅप चालतं का? स्पीकर एकमेकांना जुळवायला चालतं. फोन सगळ्याच स्पीकरना तीन डीबी कमी दाखवत असेल तरी पाचही जण एकसारखे झाले की काम झालं. आयफोनचे माइक एकमेकांशी बऱ्यापैकी मिळतेजुळते असतात म्हणून तिथे अ‍ॅपचा आकडा जरा जास्त भरवशाचा, अँड्रॉइडमध्ये कंपनीगणिक फरक. सबवूफरसाठी मात्र फोनवर विसंबू नका, तो माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, खालचे आवाज त्याला कमीच कळतात, त्यामुळे तो सबला कमी दाखवणार आणि तुम्ही सब वाढवत बसणार. साधा साउंड लेव्हल मीटर घ्या. आणि त्यावर A वेटिंग चुकूनही ठेवू नका, A मध्ये ५० हर्ट्झचा आवाज तब्बल ३० डीबीनं कमी धरला जातो, C मध्ये ३१.५ हर्ट्झलासुद्धा फक्त ३ डीबी कमी. सबचा आकडा हलतो तो हलणारच, खालच्या आवाजाची लहर लांब आणि मंद, १५-२० सेकंद बघा आणि मधला आकडा धरा.

आता जे मेनूत होत नाही ते. डावा सराउंड −४ केलात की मधे बसणाऱ्याला बरोबर वाटेल पण डाव्या टोकाला बसणाऱ्याच्या तो कानातच राहील. त्याला कानाच्या उंचीपासून दीडदोन फूट वर न्या आणि तोंड सरळ डोक्याकडे न ठेवता सोफ्याच्या पलीकडच्या टोकाकडे वळवा, जवळचा माणूस मग त्याच्या थेट माऱ्यातून सुटतो. जमलं तर सोफाही भिंतीपासून फूटभर पुढे ओढा, भिंतीला टेकलेल्या डोक्याजवळ बेस उगाच फुगतो. हे हलवाहलवीचं काम आधी, आकडे नंतर, कारण स्पीकर वीतभर सरकला तरी सगळं परत मोजावं लागतं.

प्रश्न (ठाणे): सासूबाई मराठी मालिका बघतात. टीव्ही होम थिएटरला जोडल्यापासून त्या म्हणतात की म्युझिक मोठं आणि माणसं पुटपुटतात. मी सेंटर स्पीकरचा आवाज पूर्ण वाढवला तरी काहीच फरक पडला नाही. स्पीकर बिघडलाय का?

उत्तर: ताई, स्पीकर बहुतेक ठणठणीत आहे, त्याच्याकडे आवाजच जात नाहीये. टीव्हीवरच्या मालिका बहुतांशी आवाजाच्या दोनच चॅनलमध्ये, डाव्या आणि उजव्या, येतात, आणि रिसीव्हर स्टिरिओ मोडवर असेल तर तो समोरचे दोन आणि सब एवढेच वाजवतो, सेंटर गप्प. म्हणून तुम्ही वाढवलात तरी फरक पडला नाही. मालिका चालू असताना सेंटरला कान लावून बघा, लगेच कळेल.

उपाय सोपा आहे. साउंड मोडमध्ये डॉल्बी सराउंड, जुन्या मॉडेलमध्ये प्रो लॉजिक, असं काहीतरी असेल ते लावा. हा मोड डाव्या आणि उजव्या दोन्हींत सारखं असलेलं जे काही आहे ते उचलून सेंटरला पाठवतो, आणि बोलणं जवळजवळ नेहमी दोन्हींत सारखंच असतं. आता पूर्ण वाढवलेला सेंटर आधी खाली आणा, बाकीच्यांच्या बरोबरीला लावा, आणि तिथून सासूबाईंसाठी २-३ डीबी वर. वय झालं की वरच्या पट्टीतले आवाज कमी ऐकू येतात, स, श, त, च असले वर्ण निसटतात, त्यामुळे त्यांची तक्रार अगदी खरी आहे आणि हे दोन-तीन डीबी त्यांच्या हक्काचे आहेत.

अजून एक बघा. सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत सरकवून ठेवलाय का? असेल तर कप्प्याच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूला खाली रबराचे तुकडे लावून तोंड थोडं वर, बसलेल्या माणसाच्या कानाकडे करा. आत ठेवलेला सेंटर कप्प्यातच घुमतो आणि बोलणं जाड, पुटपुटल्यासारखं येतं. आणि मागे लाल-काळी वायर उलटी तर लागली नाही ना तेही तपासा, उलटी वायर मीटरच्या आकड्यात दिसत नाही पण बोलणं एका जागेवरून न येता पसरल्यासारखं वाटतं.

प्रश्न (कोल्हापूर): रिसीव्हरवर व्हॉल्यूम −३०, −२५ असा दिसतो. शून्याच्या खाली आवाज कसा असेल? आणि ० वर नेला तर काही जळेल का?

उत्तर: ते शून्य म्हणजे शांतता नव्हे, ती रेफरन्स पातळी. लेव्हल नीट लावलेली असेल तर ० वर थिएटरच्या मिक्सिंगइतका आवाज तुमच्या हॉलमध्ये येतो, म्हणजे एकेका मुख्य चॅनलचे सगळ्यात मोठे क्षण १०५ डीबीपर्यंत आणि सबच्या एलएफई चॅनलचे (धमाक्यांच्या खालच्या आवाजासाठीचा वेगळा चॅनल, ५.१ मधला ‘.१’) ११५ पर्यंत. घरात हे फार होतं. −२० ला तेच मोठे क्षण ८५ पर्यंत येतात, फ्लॅटमध्ये −२५ ते −१५ च्या मधे बहुतेकांना छान वाटतं. लहान मुलं घरात असतील तर त्याहून खालीच ठेवा.

जळण्याचं म्हणाल तर दर ३ डीबीला अ‍ॅम्पला दुप्पट ताकद लावावी लागते, −२० वरून −१० वर गेलात की दहापट. लहान स्पीकर आणि बेताचा अ‍ॅम्प असेल तर आवाज फाटायला लागतो, तो फाटला की लगेच कमी करा, ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचे छोटे स्पीकर, असल्या वेळीच जातात. हा आकडा खरा व्हायला आधी लेव्हल लावलेली पाहिजे, नाहीतर तुमचे −२५ आणि मित्राकडचे −२५ यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): रिसीव्हरबरोबर आलेल्या माइकनं ऑटो सेटअप केला. सब माझ्यापासून ९ फुटांवर आहे पण रिसीव्हर १५ फूट दाखवतो, सबची लेव्हल −१२ आली आणि समोरचे स्पीकर ‘लार्ज’ करून टाकले. यावर विश्वास ठेवायचा की सगळं हातानं करायचं?

उत्तर: विश्वास ठेवायचा, पण तपासून. ऑडिसी, वायपाओ, डिराक, नाव कुठलंही असो, हे प्रोग्राम स्पीकरची लेव्हल आणि अंतर बऱ्यापैकी अचूक काढतात, तुमच्या तीन गोष्टींतली पहिली तर मुळीच बिघडलेली नाही. सबच्या आत स्वतःचा फिल्टर आणि सर्किट असतं, त्यातून आवाज बाहेर यायला थोडा उशीर होतो, आणि रिसीव्हर तो उशीर अंतर म्हणून मोजतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो, तेव्हा सहा फूट जास्त म्हणजे साधारण पाच-सहा मिलिसेकंदांचा उशीर, तो तसाच ठेवा, टेपनं मोजून ९ लिहिलंत तर सब आणि समोरचे स्पीकर यांची वेळ चुकेल आणि बेस पोकळ होईल.

दुसरी गोष्ट मात्र बदलायलाच हवी. −१२ हा बऱ्याच रिसीव्हरमध्ये सगळ्यात खालचा आकडा, त्याचा अर्थ रिसीव्हरला अजून कमी करायचं होतं पण जागाच उरली नाही, म्हणजे सब अजूनही हवा त्याहून मोठाच असणार. सबच्या मागचं व्हॉल्यूमचं बटण कमी करा आणि सेटअप परत चालवा, सबची लेव्हल ० च्या आसपास किंवा दोन-चार डीबी खाली आली की बरोबर. −१२ वर सोडण्यात आणखी एक त्रास असा की रिसीव्हरकडून सिग्नल इतका बारीक जातो की ऑटो ऑनवर ठेवलेला सब रात्री हळू आवाजात जागाच होत नाही आणि लोकांना वाटतं सब खराब झाला.

तिसरं, ‘लार्ज’ काढून ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ. स्मॉल म्हणजे स्पीकर लहान आहे असा शिक्का नाही, ८० च्या खालचं काम सबला द्यायचं एवढाच त्याचा अर्थ, आणि समोरच्या स्पीकरवरचा भार त्यामुळे हलका होतो.

माइकची पहिली जागा नेमकी तुमच्या बसण्याची ठेवा, बऱ्याच सिस्टिममध्ये लेव्हल आणि अंतर तिथूनच ठरतं. सगळं झाल्यावर मीटरनं एकदा पडताळा. पुष्कळ जणांना ऑटो सेटअपनंतर बेस कमी वाटतो, तेव्हा सब २-३ डीबी वाढवायला काही हरकत नाही, मी स्वतः वाढवतो. पण सेंटर आणि सब सोडून बाकीच्यांना हात लावू नका, सराउंड ऐकू येत नाही म्हणून वाढवायचा मोह फार होतो आणि सराउंडचं कामच मुळात सारखं ऐकू न येण्याचं आहे.

प्रश्न (वास्को, गोवा): आमच्याकडे डबा पॅक ५.१ सेट आहे, त्यात टेस्ट टोनच नाही. यूट्यूबवरचे ५.१ टेस्टचे व्हिडिओ लावले तर मागून काही येत नाही. आम्ही काय करायचं?

उत्तर: ते व्हिडिओ तुमच्या टीव्हीवर दोनच चॅनलमध्ये येत असणार, त्यावरून काही ठरवू नका. पेन ड्राइव्हवर पिंक नॉइजची साधी फाइल घ्या, सेट सगळे स्पीकर सारखे वाजतील अशा मोडवर ठेवा, आणि एक सोडून बाकी स्पीकरच्या वायरी काढून एकेक मोजा. वायर काढताना-लावताना प्रत्येक वेळी सेट बंद, दोन वायरींची टोकं एकमेकांना चिकटली तर अ‍ॅम्प जाऊ शकतो. या पद्धतीनं डावा-उजवा जुळतो. सेंटर यावर लावू नका, या मोडमध्ये त्याची पातळी वेगळी असू शकते, तो एखाद्या ५.१ पिक्चरमधलं साधं बोलणं लावून कानानं ठरवा.

अशा सेटमध्ये दोन्ही सराउंडना मिळून एकच बटण असतं, डावा-उजवा वेगळा करता येत नाही. तेव्हा अंतर हीच तुमची लेव्हल. जो मोठा वाजतो तो लांब सरकवा किंवा तोंड फिरवा, दोघांचे आकडे जुळेपर्यंत. वेळ लागतो पण होतं.

प्रश्न (डोंबिवली): खालच्या मजल्यावरचे काका रात्री दहानंतर फोन करतात की धपधप होतंय. मी अ‍ॅपवर बघतो तर आवाज ५० च्या आसपासच असतो. सबखाली पॅड घातलाय. चूक कुणाची?

उत्तर: काकांना खरंच ऐकू येतंय. तुमचं अ‍ॅप बहुधा A वेटिंगवर आहे, आणि वर सांगितलं तसं त्याला खालचा बेस दिसतच नाही. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत त्यात राहत्या भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, तीही A मध्येच मोजतात, त्यामुळे आकडा बसला तरी स्लॅबमधून धपधप जाऊ शकते. पॅडमुळे जमिनीतून जाणारी थरथर आणि टाइल्सचा खडखडाट कमी होतो, हवेतून जाणारा बेस त्यानं अडत नाही.

रात्रीसाठी वेगळी सेटिंग करून ठेवा. डायनॅमिक इक्यू किंवा लाउडनेस असेल तर दहानंतर बंद, कारण व्हॉल्यूम कमी केला की ते मुद्दाम बेस वाढवतं. नाइट मोड किंवा डायनॅमिक रेंज कॉम्प्रेशन चालू, त्यानं धमाके दबतात आणि बोलणं वर येतं. एलएफई लेव्हल −१० वर आणा. सब कोपऱ्यात असेल तर बाहेर ओढा, कोपऱ्यात बेस सगळ्यात जास्त फुगतो, १६ फुटांच्या खोलीत लांबीच्या दिशेनं साधारण ३५ हर्ट्झलाच घुमायला लागतं आणि काकांना ऐकू येतंय ते बहुधा हेच. जागा बदलली की सबची लेव्हल पुन्हा मोजायची. मग एखाद्या रात्री काकांच्या बेडरूममध्ये जाऊन स्वतः उभे राहा, घरच्यांना वर पिक्चर लावायला सांगा आणि फोनवरून एकेक डीबी कमी करायला लावा, जिथे धपधप थांबेल तो आकडा कागदावर लिहून रिमोटला चिकटवा.